भरल्या पोटी एक गोळी

आधी मावशीचं सांगते, मग काय झालं ते.

मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत सकाळी मासे विकायला एक कोळीण येते, तिला मी मावशी म्हणते. ठाण्याच्या कोळीवाड्यातून येते. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर मिक्सर चालू असला तरी "म्हावरंऽऽ" ऐकू येतं. तिने मला मदत केली. केलं काय, तर ऐन श्रावणात रोज सकाळी उकडलेल्या माशाचा एक डबा घेऊन ती आमच्या दारापर्यंत चढून आली. लिहिताना हे किती छोटं दिसतं. म्हणूनच पहिल्यांदा लिहून टाकलं. पुढे कुत्री आहे, डॉक्टर आहे, आजी आहेत. त्या सगळ्यात मावशीचा डबा कुठेतरी मागे पडला असता.

मी वेंगुर्ल्याकडची. शाळा आठवीत सुटली. आई काजूच्या कारखान्यात जायची, घरी धाकटी भावंडं होती, कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. पुढे मीही काजू सोलले, आणि मग गावच्याच एका बाईच्या ओळखीने इथे आले. इथे मी एका आजींना सांभाळते, त्यांच्याच घरी राहते. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाकता येत नाही, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. मुलगा परदेशात असतो. घरात आम्ही दोघी आणि कुत्री.

कुत्री आजोबांची. नाहूर स्टेशनबाहेर सापडलेलं गावठी पिल्लू, आजोबांनी पिशवीत घालून आणलं होतं म्हणे. तांबूस रंग, पुढचे दोन पंजे पांढरे. मी आले तेव्हा आजोबा नव्हते आणि ती म्हातारी व्हायला लागली होती. मला घाबरायची सवय आहे. बेल वाजली तरी मी दचकते. पण त्या घरात पहिल्या दिवशी माझ्या पायावर हनुवटी ठेवून कोण झोपलं असेल तर ती. आजींना मी आवडायला वेळ लागला. तिला लागला नाही.

श्रावण यायच्या आधीचा तो आठवडा. सगळ्या बिल्डिंगमध्ये माशांचा वास, कारण पुढे महिनाभर बंद. जिना धुणाऱ्या बाईने नुकतंच साबणाचं पाणी मारलेलं. खालून मावशीची हाक आली, मी पातेलं घेऊन दार उघडलं, आणि कुत्री माझ्या पायांमधून बाहेर. रोज ती अशीच जायची. मावशी तिला एखादी मांदेली टाकायची, ते खाऊन वर यायची. त्या दिवशी दुसऱ्याच पायरीवर तिचे पुढचे दोन पाय दोन दिशांना गेले आणि ती खालच्या वळणापर्यंत घसरत गेली. ओरडली नाही. उठून उभी राहिली, डावा पाय वर धरला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हे मी केलंय.

वॉचमन आणि मी तिला चादरीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला फार चांगली. एक्सरे काढला. हाड मोडलं नव्हतं. खांद्याच्या स्नायूची दोरी ताणली होती, थोडी फाटलीही असावी, असं तिचं म्हणणं. या वयात ऑपरेशन करायचं तिच्या मनात नव्हतं. पाय टेकवायचा नाही, जिना नाही, उडी नाही, बाथरूमला नेताना छातीखालून टॉवेल घालून उचलायचं. आणि रोज एक दुखण्याची गोळी, भरल्या पोटी.

मग तिने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाली, "ताई, गोळीने दुखणं कमी होईल. जखम नाही. तिला वाटेल आपण बरे झालो आणि ती पळेल. तेव्हा खरी काळजी घ्या."

हे ऐकायला सोपं वाटतं. घरी आल्यावर काय झालं, सांगते. सकाळी गोळी दिली की तासा-दोन तासांनी तिचे डोळे बदलायचे. श्वास सावकाश व्हायचा, कान पुढे यायचे, शेपटी हलायची. हे बघायला मी सकाळपासून जीव मुठीत धरून बसलेली असायची. आणि ते दिसलं की मला ताबडतोब तिचा पट्टा कमी करून डायनिंग टेबलच्या पायाला बांधायला लागायचं. दुखत असताना मी तिला जवळ घ्यायची, आणि बरं वाटलं रे वाटलं की बांधून घालायची. तिला काय समजत असेल? तिने काय हिशोब लावला असेल माझा? आजी खुर्चीतून म्हणायच्या, "अगं, सोड ना थोडी, बघ कशी हसतेय." मी म्हणायची, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय." आणि कुत्री एकदा आजींकडे, एकदा माझ्याकडे बघायची. घरात वाईट कोण, हे तिला कळून चुकलं होतं.

तरी पहिले दिवस बरे गेले, कारण मासे होते. दुखण्यामुळे तिची भूक गेली होती, पण भातात बांगडा कुस्करून दिला की ताट चाटून पुसून साफ. त्यातच गोळी. मग श्रावण लागला.

आजींकडे श्रावण म्हणजे श्रावण. उंबऱ्याच्या आत मासळी नाही, अंडं नाही, सोमवारी आणि शनिवारी एकदाच जेवण, तेही संध्याकाळी. त्या लग्न होऊन आल्यापासून हे असंच, आजोबांनी कधी मोडलं नाही, आजारपणातसुद्धा नाही. मी काय बोलणार? आमच्या घरीही श्रावण पाळतात, मीही पाळते. बाकीच्या वर्षी कुत्रीसुद्धा महिनाभर दहीभात-पोळी खायची, आजी कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या. पण तेव्हा ती धडधाकट होती. आता दहीभात समोर ठेवला की हुंगायची आणि तोंड फिरवायची. पोळीत गोळी गुंडाळली तर पोळी गिळायची आणि गोळी जमिनीवर, स्वच्छ, कोरडी. कशी करायची देव जाणे.

पहिल्या सोमवारी सकाळी घरात शिजवलेलं काहीच नव्हतं. देवापुढे पेढे होते. आजींनी त्यांची बीपीची गोळी पेढ्याच्या तुकड्याबरोबर घेतली, उपवासाला त्या तशीच घेतात. माझी आई पण तशीच घेते. अर्धं केळं, नाहीतर घोटभर चहा, आणि गोळी. पोटात काहीतरी गेलं म्हणजे झालं, उपवासाला चालतं ते पोटालाही चालतं, असं आमच्या दोन्ही घरांत धरूनच चालतात. आजी म्हणाल्या, हिलाही पेढ्यातून दे. दिली. कुत्रीने पेढा आनंदाने खाल्ला, गोळीसकट. आम्हाला दोघींना वाटलं, काय युक्ती सापडली! मग रोजच पेढा. वर भात खाल्ला दोन घास तर खाल्ला. आजी देवाला हात जोडून म्हणायच्या, प्रसादाने गुण येतोय.

गुण आला तो असा. एका सकाळी तिने उलटी केली, चहाच्या चोथ्यासारखी. दुपारी शी केली ती काळी, डांबरासारखी चिकट. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो रंग बघून थांबले नाही. पुन्हा चादर, पुन्हा वॉचमन. डॉक्टरने विचारलं, जेवण किती जातंय? मी पेढ्याचं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पोटाला आतून जखम झाली होती, रक्त जात होतं. पेढा म्हणजे जेवण नव्हे, एवढंच ती हळूच म्हणाली.

दुखण्याची गोळी त्याच दिवशी बंद. पोटाची औषधं सुरू. दुसऱ्या जातीचं दुखण्याचं औषध होतं, पण ते पोट सावरल्यावर, आणि ती नीट खायला लागल्यावर. तोपर्यंत? मी विचारलं. तोपर्यंत काही नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून खांद्याला लावा, हलवू नका, जवळ बसा. "खात नसेल तर मात्र," म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

ते आजींच्या मुलाने पूर्ण केलं. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन कुत्रीसमोर धरला. ती उभी होती. आडवी होताना दुखायचं, म्हणून उभीच राहायची, मान खाली घालून, थरथरत, आणि शेवटी पाय दमले की एकदम कोसळायची. तो लहानपणापासून कुत्र्यांत वाढलेला. मग म्हणाला, "आई, हिला अजून किती ओढायचं? डॉक्टरांना इंजेक्शनचं विचार ना. झोपेत जाईल." तो निर्दयपणे बोलत नव्हता.

आजींनी फोन ठेवला, चष्मा काढला, आणि मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मला कोणी असं विचारत नाही. मी आपली सांगितलं ते करणारी. आणि जेव्हा विचारलं तेव्हा हे विचारलं. मी म्हटलं, आजी, ती खायला लागली तर औषध मिळेल, आणि औषध मिळालं तर दुखणं थांबेल. आजी म्हणाल्या, आणि नाही खाल्लं तर? त्यांनीच मग शनिवारपर्यंत बघू म्हटलं. मला शनिवार समोर भिंतीसारखा दिसत होता.

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही, कारण काही केलंच नाही. हेच तर होतं, करायला काही नव्हतं. बर्फ लावायचा, तो वितळायचा, पाणी पुसायचं. ती मनगट चाटत बसायची, त्याच जागी, केस जाईपर्यंत. मी हात मध्ये घातला की माझा हात चाटायची. भात, दूध, रताळं, वरणाचं पाणी, सगळं समोर ठेवून बघितलं. कपाटात डबीत गोळ्या होत्या. हात लांब केला की हाताला येतील इतक्या जवळ, आणि देता येत नव्हत्या. माणसाचं दुखणं असतं तर समजावलं असतं, बाबा, दोन दिवस कळ काढ. तिला काय सांगू? आईला फोन केला तर आई म्हणाली, "गो बाये, कुत्र्याक दुखता म्हणान तू कित्याक रडतस?" मग थोडं थांबून तीच म्हणाली, "मासे खाता मा तां? मग मासे घाल." मी म्हटलं, श्रावण आहे.

आजींना विचारायचं माझ्या मनात दहादा आलं. तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. ज्या बाईने नवऱ्याच्या शेवटच्या आजारातही उंबऱ्याच्या आत मासळी येऊ दिली नाही, तिला मी कुत्रीसाठी विचारू?

श्रावणात मावशी आमच्या बिल्डिंगमध्ये येत नसे, कोणी घेतच नाही. पण गल्लीच्या टोकाला दोन-चार घरं बारा महिने खाणारी आहेत, तिकडे जाताना हाक मारत जायची. एका सकाळी ती हाक आली आणि कुत्री उठली. बांधलेली होती, पोटात अन्न नव्हतं, तरी उठली, दाराकडे झेपावली, पट्ट्याने ओढली गेली आणि सगळं वजन त्या खांद्यावर आलं. तेव्हा ती ओरडली. पडली त्या दिवशी ओरडली नव्हती. आता अशी ओरडली की समोरचं दार उघडलं.

मी अनवाणीच खाली पळाले. मावशी गेटपुढे गेली होती. तिला गाठलं आणि मासे मागितले नाहीत. मागायचे होते कदाचित, पण तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, "मावशी, थोडे दिवस आमच्या गल्लीत हाक मारू नको."

म्हणजे तिने धंदा करू नये, असंच मी सांगत होते. श्रावणात, जेव्हा आधीच गिऱ्हाईक नाही. तिने पाटीखालून माझ्याकडे बघितलं. "का गो? काय झाला?" मी रस्त्यातच रडायला लागले आणि सगळं सांगितलं. पाय, गोळी, पेढा, काळी शी, खात नाही, शनिवार. नीट सांगितलं की नाही मला आठवत नाही. मावशीने पाटी सावरली आणि पुढे गेली. हाक न मारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. दारावर थाप आली. उघडलं तर मावशी, पाटी खाली वॉचमनपाशी ठेवून वर आलेली, तिन्ही मजले, दम लागलेला. हातात स्टीलचा डबा.

"घे. मुशी हाय. उकडलीय नुसती. मीठ नाय, काटा नाय."

मुशी म्हणजे आमच्याकडची मोरी, छोटा शार्क मासा. बाळंतिणीला देतात. मी डबा घेतला नाही. मागे आजी वॉकर घेऊन उभ्या होत्या. मी मावशीकडे बघते, आजींकडे बघते. मावशीनेही आत पाऊल टाकलं नाही, तिला घराची रीत माहीत होती. ती तिथेच पॅसेजमध्ये फरशीवर बसली आणि डबा उघडला.

वास आत आला. कुत्रीने मान वर केली.

आजींनी कुत्रीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उंबऱ्याच्या बाहेर काय चाललंय ते मला दिसत नाही. चष्मा आत राहिलाय." आणि वॉकर वळवून खोलीत गेल्या. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मी छातीखालून टॉवेल घातला आणि कुत्रीला उचलून उंबऱ्याबाहेर नेलं. ती मावशीच्या मांडीला टेकून बसली. मावशी बोटांनी मासा कुस्करून देत होती आणि ती तिच्या हातातून खात होती, आधी एक कण, मग एक घास. मावशी तिच्याशी बडबडत होती, "खा गो बाय, मना काय रोज जिनं चढायला लावतंस? मी पन म्हातारी हाय." डबा रिकामा झाला. मी भिंतीला टेकून रिकाम्या डब्याकडे बघत होते.

त्यानंतर मावशी रोज आली. शनिवार आला आणि गेला, आजींनी त्याचं नाव काढलं नाही. खाल्लं की फरशी मी पुसायची, कुत्रीचं तोंड ओल्या फडक्याने पुसायची, मग तिला आत घ्यायची. पोट सावरलं, शीचा रंग बदलला, आणि डॉक्टरने नवीन औषध सुरू केलं. त्याने ती झोपायची. पहिल्यांदा ती आडवी होऊन, पाय पसरून, घोरत झोपली, तेव्हा आजींनी मला हाक मारून बोलावलं. दोघी उभ्या राहून तिचं घोरणं ऐकत होतो.

बरी झाली असं मी लिहिणार नाही. आता ती लंगडत चालते. जिना कायमचा बंद. औषध कमी केलं की पुन्हा मनगट चाटते, वाढवलं की भिंतीला धडकते. मधलं माप सापडतं, चार दिवस टिकतं आणि पुन्हा हुकतं. काही सकाळी ती उभी राहून पाय वर धरते आणि मला कळत नाही की दुखतंय, की सवय झालीय. डॉक्टर विचारते, ताई, तुम्हाला काय वाटतं, दुखतंय का? मला रोज तेच वाटतं की मला माहीत नाही. पट्टा अजून टेबलाच्या पायाला आहे. बांधताना ती आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

श्रावण संपला, गणपती येऊन गेले, घरात मासे परत आले. मावशी अजूनही आमच्या बिल्डिंगखाली हाक मारत नाही. गिऱ्हाइकांना आता खिडकीतून वाकून बघायला लागतं. बायका तिला चिडवतात, काय गं, आवाज विकलास काय? ती म्हणते, हां, तिसऱ्या मजल्यावर.

परवा मी खाली गेले तर ती गेटच्या कट्ट्यावर बसली होती. पाटी बाजूला, एक हात दुसऱ्या खांद्यावर. पदराच्या गाठीतून गोळी काढली, वॉचमनच्या चहाबरोबर गिळली. मी विचारलं, काही खाल्लंस का सकाळपासून? अंधार असल्यापासून ती भाऊच्या धक्क्यावर होती, माशांच्या लिलावाला. मी म्हटलं, मावशी, रिकाम्या पोटी गोळी घेऊ नको, आतून जखम होते, मी बघितलंय.

ती हसली. "मी काय कुत्री हाय?" म्हणाली, आणि मला पाटी उचलून द्यायला लावली. पाटी डोक्यावर चढवताना तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

मी सध्या परक्या घरात राहते. गॅस आजींचा, तवा आजींचा, सकाळची वेळ आजींची आणि कुत्रीची. पण माझी स्वतःची एक खोली होईल, इथे मुलुंडात किंवा नाहूरला, कुठेही. तेव्हा मी पहाटे उठून घावणे करीन, नारळाच्या रसातले, माझी आई करते तसे. मावशीला हाक मारून आत बोलवीन, पाटीसकट, श्रावण असला तरी. पाटी माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवीन. ती नको नको म्हणेल, धंद्याची वेळ आहे म्हणेल. मी ऐकणार नाही. तिचं पोट भरेपर्यंत वाढीन, आणि मगच तिची गोळी तिच्या हातावर ठेवीन.